अँजिओग्राफी नॉर्मल आली तेव्हा

अँजिओग्राफी नॉर्मल आली हे कळल्यावर माझ्या नवऱ्याने हॉस्पिटलच्या कॅन्टीनमधून आठ चहा मागवले. सासूबाईंनी हात जोडले. दादाने साताऱ्याला आईला फोन लावला, "एकही ब्लॉकेज नाही, तू जेवून घे." आमच्या घरात हृदयाचा आजार म्हणजे ब्लॉकेज. २०११ साली बाबांची बायपास झाली तेव्हापासून स्टेंट, पंपिंग, एलएडी हे शब्द सगळ्यांना पाठ. नळी तुंबली तर रोग, नळी साफ तर पेढे. त्या हिशेबाने मी त्या दिवशी ठणठणीत होते. आदल्या रात्री छातीवर पॅडल ठेवून मला शॉक का द्यावा लागला, हे विचारायचं मात्र चहाच्या गडबडीत राहून गेलं.

सुरुवात जुलै २०२२ मधली. मी पतसंस्थेत नोकरी करते आणि २०१५ पासून पळते. साताऱ्यात पळणाऱ्याचे पाय आपोआप यवतेश्वरच्या घाटाकडे वळतात; सातारा हिल हाफ मॅरेथॉन त्याच रस्त्याने कासच्या दिशेला चढते. ती मी चार वेळा केली होती, पाचवीची तयारी चालली होती. पाऊस नुकता थांबलेला, समोरचं वळण दिसू नये इतकं धुकं. तिसऱ्या की चौथ्या वळणावर छातीत काहीतरी सुटलं. धडधड म्हणावं तर धडधडीला ठोके तरी असतात. हे आत कुणीतरी मिक्सर चालू केल्यासारखं होतं. डोळ्यांपुढचं चित्र कडेकडेने काळं व्हायला लागलं. मनगटावरच्या घड्याळात ठोके २१८. पट्टा ओला झाल्यामुळे चुकीचं दाखवतंय असं वाटून मी तो टी-शर्टला पुसला आणि कठड्यावर बसले. दीडएक मिनिटात सगळं बंद. हळूहळू ओसरलं नाही, बटण दाबल्यासारखं थांबलं. आणि माझी अक्कल पाहा, उरलेले सहा किलोमीटर मी पळूनच पूर्ण केले.

ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी ईसीजी काढला. त्यात काही लाटा उलट्या होत्या. "बायकांच्या ईसीजीत एवढं चालतं," ते म्हणाले. ॲसिडिटीची गोळी दिली, झोप पुरी घ्या म्हणाले, वर "तुम्ही तर मॅरेथॉन पळता, तुमचं हार्ट आमच्यापेक्षा मजबूत" हेही. मला ते ऐकून बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. आपल्याला हवं ते कुणी सांगितलं की आपण दुसरीकडे कशाला विचारायला जातो? तो ईसीजी मी फाइलमध्ये लावून टाकला. पुढे पुण्यातल्या डॉक्टरांनी तोच कागद खिडकीच्या उजेडात धरून पेनाच्या टोकाने एक खाच दाखवली. मोठ्या लाटेच्या शेवटी, केसाएवढी. तिला एप्सिलॉन म्हणतात. हृदयाच्या उजव्या कप्प्यातल्या एखाद्या कोपऱ्यात करंट उशिरा पोहोचतो, त्याची ती खूण. जुलैपासून ती माझ्या कपाटात होती.

सप्टेंबरमध्ये एका शनिवारी संध्याकाळी पळून आले, पाणी प्यायले आणि पुन्हा तेच सुरू झालं. या वेळी थांबलं नाही. साताऱ्यात इमर्जन्सीत नेलं तेव्हा ठोके २१०, बीपी ८० च्या आसपास. गुंगीचं औषध देऊन शॉक दिला. रात्रीच पुण्याला हलवलं, सकाळी अँजिओग्राफी, आणि मग ते आठ चहा.

दुपारी दुसरे डॉक्टर आले. नर्सने आधी सांगून ठेवलं होतं, "आता करंटवाले सर येतील." त्यांनी माझी पाठ, छाती काही तपासलं नाही. म्हणाले, "तळहात दाखवा." मी दोन्ही हात पुढे केले. त्यांनी ते उलटे-सुलटे करून अंगठ्याने दाबून पाहिले. मग तळपाय. मग केसांकडे पाहून, "लहानपणापासून असेच सरळ?" दादा माझ्याकडे बघायला लागला, ज्योतिषी आला की काय, असा चेहरा.

त्यामागची गोष्ट त्यांनी नंतर सांगितली. ग्रीसमधल्या नॅक्सॉस बेटावरच्या काही कुटुंबांत तळहात-तळपायांची कातडी जाड, केस लोकरीसारखे आणि तरुणपणी हृदयाचे ठोके बिघडणं, असं तिन्ही एकत्र आढळायचं. तिथल्या डॉक्टरांनी १९८६ मध्ये ते जगापुढे मांडलं. २००० साली त्यामागचा जीन सापडला. प्लाकोग्लोबिन नावाचं एक प्रथिन, जे पेशीला पेशी धरून ठेवायच्या कामात असतं. कातडीतही आणि हृदयातही तेच. अशा मुलांचे केस जन्मतःच तसे असतात, पण तळहात जाड व्हायला लागतात ते बाळ रांगायला, हाताने धरायला लागल्यावर. जिथे ताण पडतो तिथे दोष उघडा पडतो. मला ते बाळाचं रांगणं अजून विसरता येत नाही.

माझे तळहात साधे निघाले. पण शंका त्याच घराण्यातल्या आजाराची होती.

अँजिओग्राफीच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला त्यांनी चित्र काढलं. ते पाकीट मी जपून ठेवलंय. लांबट विटा, एकीला एक टोकाने लागलेल्या. या हृदयाच्या स्नायूच्या पेशी, एकेक साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढी लांब. दोन विटांमधली रेघ त्यांनी सरळ मारली नाही. करवतीच्या दात्यांसारखी काढली. म्हणाले, "सगळी गंमत इथे आहे." या सांध्यावर दोन कामं चालतात. एक म्हणजे धरून ठेवण्याचं. हृदय दिवसाला लाखभर वेळा आवळतं, दर वेळी प्रत्येक पेशी शेजारणीला ओढते. हात सुटू नये म्हणून तिथे डेस्मोसोम नावाचे टाचे असतात. दुसरं काम निरोप पोहोचवण्याचं. त्यासाठी गॅप जंक्शन, म्हणजे अतिसूक्ष्म नळ्यांचे झुबके. कनेक्सिन नावाच्या प्रथिनाचे सहा तुकडे या पेशीतून, सहा पलीकडच्या पेशीतून, समोरासमोर भिडले की एक नळी तयार. तिच्यातून करंट एका पेशीतून दुसरीत जातो, म्हणून अब्जावधी पेशी एका दमात आवळतात. आणि या नळ्या कायमच्या बसवलेल्या नसतात. कनेक्सिनचं आयुष्य काही तासांचं. जुनं जातं, नवं येतं, चोवीस तास.

"तुमच्यात हे टाचे कच्चे असावेत असं मला वाटतंय," डॉक्टर म्हणाले. टाचे सैल झाले की नळ्यांचे झुबकेही जागेवर टिकत नाहीत. करंटला सरळ वाट मिळेनाशी होते, तो आडवाटेने वळसा घालतो, आणि तो वळसा स्वतःच्याच शेपटीमागे धावायला लागला की २१०. पुढे सुटलेल्या पेशी मरतात, त्यांच्या जागी व्रण आणि चरबी भरते. उजव्या कप्प्याची भिंत मुळातच पातळ, जोराच्या व्यायामात तिच्यावर ताण जास्त येतो, म्हणून बहुधा सुरुवात तिथून होते. आजाराचं नाव अरिदमोजेनिक कार्डिओमायोपथी. नाव मला तीन वेळा लिहून घ्यावं लागलं.

आई दोन दिवसांनी पुण्याला आली. मी तिला पाकीट दाखवून सगळं सांगितलं. ती जन्मभर गोधड्या शिवत आलेली. चित्राकडे बघत म्हणाली, "म्हंजी कापड धड हाय, शिवण उसवलीया." एवढ्या कमी शब्दांत मला ते कधीच सांगता आलं नसतं.

मग तपासण्या. होल्टर म्हणजे चोवीस तास छातीला तारा चिकटवून हिंडायचं. त्यात ३,४१२ जादा ठोके निघाले. या आजाराच्या निकषांत पाचशेच्या वर गेले की ते मोजतात. एमआरआय मात्र लक्षात राहण्यासारखा. पाऊण तासाहून जास्त वेळ त्या बोगद्यात, कानात मशीनचं ठोकणं आणि हेडफोनमधून एक कंटाळलेला आवाज: "श्वास घ्या... सोडा... रोखा." हृदयाचा फोटो ठोक्याच्या तालावर घेतात, आणि माझा ताल मध्येच चुकायचा, मग तोच फोटो परत. तिसऱ्यांदा तसं झाल्यावर तो आवाज म्हणाला, "मॅडम, जरा शांत राहा ना." मी काय शांत राहणार? जे शांत राहत नाही त्याचेच तर फोटो चालले होते. शेवटी शिरेतून औषध सोडून पुन्हा चित्रं घेतली. रिपोर्टात उजवा कप्पा मोठा, भिंत एका जागी बाहेर फुगणारी, आणि जिथे व्रण तिथे औषध रेंगाळलेलं.

बाबा हे सगळं गप्प राहून ऐकत होते. एका भेटीत त्यांनी विचारलं, "डॉक्टर, माझे तर टाचे चांगले ना?" हसण्यावारी नेण्यासारखा प्रश्न, पण डॉक्टरांनी पाकीट पुन्हा पुढे ओढलं. अटॅकमध्ये जो भाग मरतो, त्याच्या काठावर काही पेशी जिवंत राहतात. त्यांच्यातलं कनेक्सिन, जे टोकाला असायला हवं, ते सरकून पेशीच्या कडेला जातं. टोकाकडून टोकाकडे जाणारा निरोप मग भलत्याच वाटेने, रमतगमत जातो. म्हणून बायपास होऊन रक्त नीट पोहोचायला लागलं तरी त्या काठावरून ठोके बिघडायची भीती उरते. नळी दुरुस्त झाली म्हणजे जोड आपोआप जागेवर येतात असं नाही. बाबा अकरा वर्षं समजत होते की आपलं काम झालं. त्या दिवसापासून ते बीटा ब्लॉकरची, म्हणजे ठोके आवरणारी गोळी स्वतः आठवणीने घ्यायला लागले.

एका रात्री झोप येईना म्हणून वाचत बसले, तर २००१ सालचा एक प्रयोग सापडला. उंदरांच्या फक्त हृदयातलं कनेक्सिन-४३ काढून टाकलं. हृदय दिसायला नेहमीसारखं, आवळायचंही नेहमीसारखं. तरी सगळे उंदीर दोन महिन्यांचे व्हायच्या आत अचानक मेले, ठोके बिघडून. मी फोन पालथा ठेवला आणि छतावरचा पंखा बघत पडले. ब्लॉकेज नाही, पंपिंग उत्तम. आठ चहा.

नोव्हेंबरमध्ये आयसीडी बसवलं. डाव्या खांद्याच्या हाडाखाली काडेपेटीहून जरा मोठी डबी, तिच्यातून शिरेवाटे उजव्या कप्प्यात गेलेली तार. ठोके पळाले तर ती आधी हळूच टोचून लयीवर आणायचा प्रयत्न करते, नाहीच जमलं तर शॉक देते. विमा कंपनीने 'जन्मजात' हा शब्द धरून सुरुवातीला क्लेम अडकवला. त्या पत्रव्यवहाराबद्दल लिहायला बसले तर वेगळा लेख होईल. ऑपरेशन भूल न देता, फक्त जागा बधिर करून झालं. दुखलं त्यापेक्षा बारीकसारीक गोष्टींनीच जास्त छळलं. महिनाभर डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, म्हणजे वेणी नवऱ्याने घालायची. त्याने घातलेल्या वेणीवर पतसंस्थेत तीन दिवस चर्चा झाली. ब्लाउजची शिवण बरोबर त्या व्रणावर यायची. मंगळसूत्राची वाटी डबीवर आपटून बारीक टकटक व्हायची ती वेगळीच. फोन त्या बाजूला ठेवायचा नाही, इंडक्शनच्या शेगडीवर वाकायचं नाही, देवळाच्या दारातल्या मेटल डिटेक्टरखाली रेंगाळायचं नाही.

आणि पळायचं नाही. हे डॉक्टरांनी सगळ्यात शेवटी सांगितलं, मीही शेवटपर्यंत विचारलं नव्हतं. जॉन्स हॉपकिन्सने २०१३ मध्ये अशा टाच्यांचा जीन बिघडलेल्या ८७ लोकांचा अभ्यास छापला. जे लांब पल्ल्याचे खेळ खेळत होते त्यांच्यात आजार लवकर आणि जास्त उघडा पडला होता. म्हणजे सात वर्षं ज्या गोष्टीने मी स्वतःला मजबूत समजत होते, तीच टाचे ओढत होती. याचा राग नक्की कुणावर काढायचा ते अजून ठरलेलं नाही. मी दोन महिने यवतेश्वरच्या बाजूला फिरकले नाही. भाजीलासुद्धा उलट्या दिशेने जायचे.

जीनच्या तपासणीसाठी फक्त रक्त द्यायचं असतं, पण त्याआधी समुपदेशक बाईंनी तासभर घराण्याची माहिती विचारली. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, गेलेल्यावर तिरकी रेघ. बाबांच्या बाजूचे चौकोन-गोल भराभर झाले. आईच्या बाजूला आल्यावर त्यांनी विचारलं, "कुणी तरुणपणी अचानक गेलं?"

आई म्हणाली, "माझा धाकटा भाऊ."

मामा १९९८ मध्ये गेला. एकतिसाव्या वर्षी. गावच्या यात्रेत कुस्ती जिंकून बाहेर आला, फेटा बांधून घेतला, खाली बसला आणि कलंडला. मी सतरा वर्षांची होते. गावाने सांगितलं, नजर लागली. मामीच्या माहेरचे म्हणाले, कुणीतरी काहीतरी केलं. आजी मरेपर्यंत त्या कुस्तीतल्या दुसऱ्या पैलवानाच्या घरावरून गेली नाही. त्या माणसाचा काय दोष होता? बाईंनी चौकोन काढला, वय लिहिलं, तिरकी रेघ मारली. पंचवीस वर्षं जे नजर होतं ते चार सेकंदांत कागदावर बसलं.

रिपोर्ट जानेवारीत आला. पीकेपी-२, म्हणजे प्लाकोफिलिन-२ या प्रथिनाचा जीन. या आजारात सर्वांत जास्त वेळा त्यातलाच बदल सापडतो. आईची तपासणी केली, तिच्यातही तोच बदल. तिला मात्र काहीही नाही. ईसीजी साफ, इको साफ. जीन असला म्हणजे आजार होतोच असं नाही, आणि का होत नाही याचं उत्तर कुणी धड देत नाही. आईने रिपोर्ट घडी घालून पिशवीत ठेवला. "माझ्याकडनंच आलं म्हणायचं," एवढंच बोलली. मी कितीही समजावलं तरी त्या वर्षी तिने एकही गोधडी शिवली नाही.

प्रत्येक मुलाला हा जीन मिळण्याची शक्यता निम्मी. दादा सुटला. माझा तेरा वर्षांचा मुलगाही सुटला. तो रिपोर्ट उघडताना माझा हात इतका थरथरत होता की नवऱ्याने पाकीट काढून घेतलं. मावसबहिणीत निघाला, तिचे वर्षातून एकदा ईसीजी, इको चालू आहेत. मुंबईच्या मावसभावाने "मी जिमला जातो, मला काही होत नाही" म्हणून फोन ठेवला. त्याच्याशी भांडून झालंय.

उरला मामाचा मुलगा. मामा गेला तेव्हा तो वर्षाचा होता. आता सव्वीस वर्षांचा, रोज पहाटे माळावर पोलीस भरतीची तयारी. सोळाशे मीटर. एक भरती थोडक्यात हुकलेली, वय निघून चाललेलं. मी तीन वेळा फोन केला, तीन वेळा "बघू ताई" म्हणाला. त्याला न कळण्यासारखं यात काही नव्हतं. रिपोर्ट वाईट आला तर भरती गेली, हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

पुढच्या वर्षी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आयसीडीची तपासणी होती. मशीन छातीवर धरून टेक्निशियनने विचारलं, "मॅडम, चौदा तारखेला अकरा वाजून वीस मिनिटांनी काय करत होता?" मी तीळ भाजत होते. त्या वेळी ठोके १९८ ला गेले होते आणि डबीने आठ टोचण्या देऊन ते जागेवर आणले होते. मला पत्ताही नव्हता. तीळ करपले होते तेवढं आठवलं. घरी आल्यावर मी तो कागद फोटो काढून मामेभावाला पाठवला. खाली काही लिहिलं नाही.

चार दिवसांनी तो मामीला घेऊन साताऱ्यात आला. रक्त घेणाऱ्या मुलीने शीर शोधायला दंडाला रबर बांधलं, तर दंड इतका भरलेला की रबर पुरेना. तिने दुसरं आणलं. मामी भिंतीला टेकून उभ्या होत्या, त्यांनी पदर तोंडाला लावला होता. सुई निघाल्यावर कापूस दाबून धरत त्याने मला विचारलं, "ताई, रिपोर्ट यायला पाच आठवडे. तोवर पळू का?"

मी नको म्हटलं.

"मग सकाळी उठून करू काय?"

याचं उत्तर मला तेव्हा आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मीच त्याला फोन केला. तो जागा होता. बूट दारात काढून ठेवलेत, म्हणाला, आणि माळापर्यंत चालत येऊन बसलोय, बाकीची पोरं पळतायत ती मोजतोय. मीही चपला घातल्या आणि फोन कानाला लावून यवतेश्वरच्या पहिल्या वळणापर्यंत चालत गेले. घड्याळात ९४ होते.